डा म्हणजे पाणी

आज फक्त एका अक्षराचा शब्द ऐकायचाय: डा.

मेळघाटात, सिपना नदीकाठच्या सेमाडोहला कोरकू घरात कोणाला तहान लागली की हाच शब्द येतो. डा म्हणजे पाणी. आता पूर्वेकडे चला. झारखंडच्या संथालीत पाण्याला म्हणतात 'दाक्'. पार कंबोडियाच्या ख्मेर भाषेत 'तुक'. व्हिएतनामीत 'न्युओक', आणि तिथं याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे देश! कानाला वेगळे वाटतात, पण मूळ एकच. या सगळ्या ऑस्ट्रोएशियाटिक कुळातल्या भाषा. आपली मराठी त्या कुळातली नाही. आपलं 'पाणी' आलं संस्कृत 'पानीय'वरून, म्हणजे पिण्याजोगं.

अजून एक. कोरकूत 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' लावलं की अनेकवचन. कोरकू म्हणजे साधं 'माणसं'.

२०११ च्या जनगणनेत ७ लाखांहून जास्त लोकांनी कोरकू ही मातृभाषा सांगितली. तरी वर्गात पोरगं 'डा' म्हणालं की आपण म्हणतो, "नीट बोल, पाणी म्हण." काहून बावा? ते नीटच बोलतंय. त्याच्या त्या एका अक्षराचे सोयरे व्हिएतनामपर्यंत आहेत.

पुढच्या वेळी सेमाडोहला सफारीला गेलात, तर वाघासोबत हा शब्दही ऐकून या. भेटूच!