घर सोडणाऱ्या लेकरांची चंची



जून लागला की आपल्या गावांतून पेट्या-बॅगा निघतात. कोणी नाशिकला नर्सिंगला, कोणी सातपूर-अंबडच्या कंपनीत, कोणी थेट पुण्याला. आपण लाडू, चटणी, लोणचं, गोधडी सगळं आठवणीनं भरतो. सुई-दोरा मात्र घरीच राहतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा दिवाळीला आला तो नऊ शर्ट घेऊन. कुणाचं बटण गेलेलं, कुणाची काख उसवलेली. मुलाखतीला त्यानं मित्राचा शर्ट मागून घातला होता, तो खांद्यावरून ओघळत होता. ताई हसत सांगत होत्या, आम्हाला काही हसू आलं नाही. हाच पोरगा कांद्याच्या दिवसांत दाभण-सुतळीनं गोण्या झपाझप शिवायचा! म्हणजे हात शिकलेला होता. बटण लावणं तेवढं बाईचं काम, हे त्याला आपणच शिकवलेलं.

तेव्हापासून आम्ही गटात चंच्या शिवतो. आजीची पानसुपारीची चंची आठवते ना, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून नाडी बांधायची? तशीच, ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडाची.

पहिल्या खेपेला आम्ही हौसेनं बारा रंगांची रिळं, लेस, मोजायची टेप असं सगळं कोंबलं. एका मुलीची चंची वर्षभरानं जशीच्या तशी परत आली. तिला बटण लावताच येत नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

आता रिळं तीनच. पांढरं, काळं आणि युनिफॉर्मच्या रंगाचं. सुया तीन: बारीक, मध्यम आणि मोठ्या नेढ्याची जाड. सुईच्या पाकिटावर नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा, आम्ही एकदा उलटं समजून फसलो. सुया लोकरीच्या तुकड्यात टोचून ठेवायच्या. आपल्या इगतपुरी-पेठकडच्या पावसात उघडी सुई गंजते, आणि गंजकी सुई पांढऱ्या शर्टावर डाग पाडते. बॅगेचा पट्टा तुटतोच, म्हणून एक दाभण. सेफ्टी पिना मोजून सहा, त्यातली एक मोठी, सलवारीची नाडी ओवायला. दोन हूक, दोन प्रेस बटणं, छोटी कात्री. बटणं विकत आणू नका. जुना शर्ट गोधडीत घालण्याआधी कापून ठेवा. नव्या शर्टाला आतल्या शिवणीशी एखादं जादा बटण असतं, तेही मुलांना दाखवा. टेप काढून टाकली, वीत आहेच.

आणि चंची देण्याआधी बटण लावून घ्यायचं. मुलगा असो वा मुलगी, आपल्यासमोर बसून. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता. दोरा दुहेरी करून टोकाला गाठ. बटणावर आगकाडी आडवी ठेवायची आणि तिच्यावरून टाके घालायचे. मग काडी काढायची, बटण वर ओढायचं आणि खालच्या दोऱ्याला चार-पाच वेढे देऊन कापडामागे गाठ मारायची. त्यानं बटणाला मान मिळते, काज नीट बसतं. काडी न ठेवता घट्ट शिवलेलं बटण कापड ओढतं आणि कापडासकट फाटतं. याच्यापुढे धावदोरा आणि उलटी टीप एवढं आलं, की उसवलेली शिवण घरी धाडावी लागत नाही.

आमच्या गटातल्या एक आजी म्हणतात, सुई हातात देऊ नये, भांडण होतं. आम्ही वाद घालत नाही. चंची सतरंजीवर ठेवतो, लेकरू आपली आपण उचलतं.

त्या ताईंच्या मुलाला त्याच दिवाळीत ओट्यावर बसवून शिकवलं होतं. दोनदा बोट टोचलं, एकदा उठून गेला, परत येऊन बसला. गेल्या दिवाळीला त्याच्या बॅगेत शिवायचा एकच शर्ट होता. अंगातल्या निळ्या शर्टाला मात्र काळं बटण, तेही पांढऱ्या दोऱ्यानं लावलेलं. ताईंनी ते उसवलं नाही.