पोवळ्यांची दिनरात्र

पोवळें म्हटलें कीं डोळ्यांपुढें आंगठींतील तांबडा खडा उभा राहतो. परंतु तो खडा म्हणजे एका काळीं जिवंत असलेल्या वसाहतीचा सांगाडा होय. त्याच्याच दूरच्या भावंडांनी उष्ण कटिबंधांतील उथळ समुद्रांत चुन्याचे प्रचंड खडक रचिले आहेत. या सूक्ष्म प्राण्यांच्या शरीरांत एकपेशीय शेवाळ राहतें. दिवसां हें शेवाळ सूर्यप्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार करितें व त्यांतील मोठा वांटा आपल्या यजमानास देतें. रात्र पडली म्हणजे बहुतेक पोवळीं आपले तंतु पसरून पाण्यांतून वाहत येणारे बारीक जीव पकडतात. दिवसां शेती आणि रात्रीं शिकार, असा हा दुहेरी संसार आहे.

अशीं पोवळीं काचेच्या टाकींत पाळणारे हौशी लोक प्रकाशाचें महत्त्व जाणतात. परंतु पुष्कळदां ते केवळ दिव्याचे तास मोजतात. निसर्गांत प्रकाश कळ दाबल्याप्रमाणें येत-जात नाहीं. विषुववृत्ताजवळदेखील सूर्य मावळल्यावर सुमारें २० मिनिटें संधिप्रकाश रेंगाळतो. तेवढ्या अवधींत दिवसां हिंडणारे मासे खडकाच्या कपारी गांठतात आणि रात्रीचे संचारी बाहेर पडतात. टाकींत एकदम काळोख केला तर माशांस निवारा शोधण्यास वेळ मिळत नाहीं. एकदम उजेड केला तर ते बिचकून सैरावैरा धांवतात. म्हणून हल्लीं एल्‌ईडी दिव्यांस घड्याळाचें यंत्र जोडून प्रकाश सकाळीं हळूहळू वाढवितात, दुपारीं कमालीस नेतात आणि सायंकाळीं तसाच हळूहळू उतरवितात. त्यानंतर मात्र खरा अंधार हवा.

या अंधाराचें मोल केवढें आहे, तें ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतींवर दिसून आलें. तेथें वसंत ऋतूच्या अखेरीस, पौर्णिमेनंतरच्या ठराविक रात्रीं, शंभराहून अधिक जातींचीं पोवळीं आपलीं बीजें एकाच सुमारास पाण्यांत सोडतात. शास्त्रज्ञांनी या सोहळ्याचें वर्णन १९८४ सालीं प्रसिद्ध केलें. डोळे नाहींत, मेंदू नाहीं. मग तिथि कळते कशी?

संकष्टीचा उपास सोडण्यासाठीं चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या घरांस याचें मर्म सहज कळेल. पौर्णिमेपर्यंत सूर्य मावळतो तेव्हां चंद्र आकाशांत असतो, किंवा नुकताच उगवत असतो. पुढें तो दररोज सरासरी ५० मिनिटें उशिरा उगवतो. त्यामुळें सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामध्यें काळोखाची एक फट पडते व ती रोज रुंदावत जाते. तैवानमधील संशोधकांनी २०२१ सालीं एका जातीच्या पोवळ्यावर प्रयोग करून दाखविलें कीं, हीच फट त्याला बीज सोडण्याची खूण होय.

लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाच्या मत्स्यालयानें २०१२ सालीं असेंच एक काम हातीं घेतलें. पोवळ्यांच्या मूळच्या समुद्रांतील वर्षभराचें तापमान, सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि चंद्राच्या कला टाकींत हुबेहूब उतरविण्यांत आल्या. समुद्रापासून दूर, त्या शहरांत पोवळ्यांनी नेमक्या वेळीं बीजें सोडलीं. याच विद्येच्या साह्यानें २०१९ सालीं फ्लॉरिडांतील मत्स्यालयांत स्तंभाकार पोवळ्यांस बीज सोडावयास लावतां आलें. रोगानें तेथील समुद्रांतून हीं पोवळीं जवळजवळ नामशेष झालीं आहेत. तेव्हां त्यांच्या वंशाची आशा या टाक्यांवर मोठ्या प्रमाणांत अवलंबून आहे.

उलट, किनाऱ्यावरील शहरांचे दिवे समुद्रांतील रात्र पुसूं लागले आहेत. अशा उजेडामुळें पोवळ्यांची बीज सोडण्याची रात्र पुढेंमागें सरकते, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. शेजारच्या वसाहतींचीं बीजें एकाच घटकेस पाण्यांत नसलीं, तर त्यांचा संयोग होणार कसा?

टाकी बाळगणाऱ्या गृहस्थानें एवढें जाणावें कीं, ज्या निळ्या दिव्याला तो शोभेसाठीं रात्रभर जळत ठेवितो, तो त्या जीवांच्या दृष्टीनें कधीं न मावळणारा चंद्र आहे. दिवा विकत घेण्यास पैसा पडतो. तो वेळेवर मालविण्यास कांहींच पडत नाहीं.