आधीं तेल, मग पाणी

चेहरा धुणें ही इतकी नित्याची गोष्ट आहे कीं, तिच्यासंबंधीं विचार करण्याचें कांहीं कारण आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु अलीकडे शहरांतील अनेक सुशिक्षित घरांतून चेहरा एकाच वेळीं दोनदां स्वच्छ करण्याची, म्हणजे प्रथम तेलानें व लागलीच पाण्यांत फेसाळणाऱ्या सौम्य द्रवानें धुण्याची, पद्धत रूढ होऊं लागली आहे. इंग्रजींत तिला 'डबल क्लेन्झिंग' म्हणतात. मराठींत 'दुहेरी मुखप्रक्षालन' म्हणावयास हरकत नाहीं. कोणी तिला निव्वळ थेर समजतात, तर कोणी सौंदर्याची गुरुकिल्ली मानतात. ही पद्धत कोणत्या मळासाठीं निघाली हें एकदां समजलें, म्हणजे ती कोणास हवी व कोणास नको, याचा निर्णय ज्याचा त्यास करतां येतो.

चेहऱ्यावरील मळ स्थूलमानानें दोन जातींचा असतो. घाम, घामांतील क्षार व वाऱ्यानें आलेली बरीचशी धूळ पाण्यानें निघून जाते. दुसरा मळ स्निग्ध. त्वचेंतील सूक्ष्म ग्रंथींतून पाझरणारें तेल, मेणांत किंवा तेलांत कालविलेले रंग, ओठांची लाली, पाण्यास दाद न देणारें काजळ आणि उन्हापासून रक्षण करणारें 'सनस्क्रीन' हीं सर्व त्यांत येतात. असल्या पदार्थांवर नुसतें पाणी ओतलें तर तें ओघळून जातें, आणि मळ जागच्या जागीं राहतो. स्निग्ध पदार्थ स्निग्ध पदार्थांतच सहज मिसळतो. तेलानें तेल काढावें, हा या पद्धतीचा पाया आहे.

महाराष्ट्रांतील गृहिणीस हा नियम नवा नाहीं. टिकल्या प्रचारांत येण्यापूर्वीं कपाळास मेण लावून त्यावर कुंकूं रेखीत. तें मेण पाण्यानें सुटत नसे. तेलाचें बोट फिरविलें कीं सुटे. नाटकांतील नटमंडळी प्रयोग संपल्यावर चेहऱ्यास खोबरेल चोळून रंग उतरवीत, आणि मग साबण लावीत. नरकचतुर्दशीच्या पहाटे होणाऱ्या अभ्यंगस्नानांतहि आधीं तेल व मागून उटणें हाच क्रम आहे. केसांस तेल व नंतर शिकेकाई, ही जोडी तर घरोघरची. शिकेकाईंत फेस आणणारीं जीं द्रव्यें असतात, तीं तेलास पाण्याबरोबर वाहून नेतात.

चेहऱ्यापुरता या क्रमाचा शास्त्रशुद्ध विकास मुख्यत्वें जपानांत झाला. तेथील काबुकी नट व गेइशा चेहऱ्यास 'ओशिरोइ' नांवाचा पांढरा लेप देत, आणि तो बसावा म्हणून त्याखालीं मेणासारखें दाट तेल लावीत. असला लेप उतरविण्यास तेलच हवें. पूर्वींच्या या सफेद्यांत शिसें असे, आणि त्याची किंमत नटांस आपल्या शरीरानें मोजावी लागे. १८८७ सालीं सम्राट मेइजी यांच्यासमोर काबुकीचा प्रयोग चालू असतां नाकामुरा फुकुसुके (चौथे) या नामांकित नटाच्या अंगास कंप सुटला. कारण होतें दीर्घकाळ भिनलेलें शिसें. त्यानंतर शिसेविरहित सफेदा शोधण्याच्या खटपटीस जोर आला. चेहऱ्यास काय लावावें हा केवळ हौसेचा नव्हे तर आरोग्याचाहि प्रश्न आहे, हें या घटनेनें उघड केलें.

पुढें हॉलिवुडच्या चित्रपटांत रंगभूषेचें काम करून आलेले शू उएमुरा यांनीं १९६७ सालीं जपानांत चेहरा स्वच्छ करण्याचें एक तेल विक्रीस आणलें. साधें तेल कपड्यानें किंवा कागदानें पुसून घ्यावें लागतें. अमेरिकेंत १९२४ सालीं निघालेले 'क्लीनेक्स' नांवाचे मऊ कागद मूळ याच कामासाठीं, म्हणजे चेहऱ्यावरील कोल्ड क्रीम पुसण्यासाठीं, विकले जात. परंतु आजच्या मुखशोधक तेलांत तेल व पाणी यांचा मिलाफ घडविणारें द्रव्य घातलेलें असतें. त्याच्या प्रत्येक कणाचें एक टोंक तेलास चिकटतें व दुसरें पाण्यास. त्यामुळें पाणी लागतांच तेल दुधासारखें पांढरें होतें, आणि रंगासकट धुवून जातें. २०१० नंतरच्या दशकांत कोरियन प्रसाधनांबरोबर ही जपानी रीत जगभर पसरली.

मग दुसऱ्यांदां धुण्याचें प्रयोजन काय? तेलाचा मागें राहिलेला पातळ थर आणि घामाचे क्षार काढणें, एवढेंच. तें काम थोड्याशा सौम्य द्रवानें होतें. त्यासाठीं कडक साबण नको. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित् आम्ल असतो. त्याचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो. नेहमींच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, म्हणजे तो अल्कधर्मी आहे. शिवाय विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्यांत साबणाचा फेस न होतां चिकट साका होतो, व तो त्वचेवर राहतो.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटला म्हणजे तो खरा स्वच्छ झाला, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ती त्वचेची तक्रार असते. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा आहे. मृत पेशी या विटा, आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लें हा त्यांच्यामधला चुना. फार धुण्यानें, घासण्यानें व कढत पाण्यानें हा चुना झिजतो. मग आंतील ओलावा बाहेर जातो, बाहेरचे दाहक पदार्थ आंत शिरतात, आणि चेहरा लाल होऊन चुरचुरूं लागतो. घरांतील तरुण मुलगी त्या लालीस मळाचा दोष समजून आणखी धुते, आणि दुखणें वाढवून घेते. ज्या उपायानें चेहरा सुधारावयाचा, त्यानेंच तो बिघडतो.

म्हणून कृति नेमकी हवी. ती रात्रीं एकदांच करावी. हात व चेहरा कोरडे असतांना चमचाभर मुखशोधक तेल घेऊन बोटांच्या अग्रांनीं अर्धा ते एक मिनिट हलकेच फिरवावें. डोळ्यांपाशीं विशेष जपावें. मग बोटें ओलीं करून तेल पांढरें होईपर्यंत पुन्हां फिरवावें व कोमट पाण्यानें धुवावें. त्यानंतर साबणरहित सौम्य द्रव थोडा घेऊन चेहरा धुवावा, मऊ पंचानें टिपून घ्यावा, आणि त्वचा किंचित् ओली असतांनाच ओलावा राखणारें साधें मलम लावावें. सकाळीं नुसतें पाणी किंवा एकदां सौम्य धुणें पुरे. अमेरिकेंतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सामान्य सल्लाहि असाच मर्यादेचा आहे: दिवसांतून दोनदां व घाम आल्यावर, कोमट पाण्यानें, न घासतां.

हा सगळा खटाटोप कोणासाठीं? ज्या स्त्रीनें दिवसभर रंग किंवा न धुपणारें सनस्क्रीन लावलें असेल, जो नट रंगपटांतून घरीं परतला असेल, त्यांच्यासाठीं. ज्यानें कांहींच लावलेलें नाहीं, त्यास एकदां धुणें पुरेसें आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींनीं वडील माणसांचें पाहून हें अनुकरण करूं नये. ज्यांस मुरुमें येतात, त्यांनीं स्वयंपाकघरांतील खोबरेल वापरूं नये. तें रंध्रें बुजवूं शकतें, आणि त्वचेवर राहणाऱ्या एका बुरशीस अशा तेलांतील मेदाम्लांचें पोषण मिळतें. सुगंधी द्रव्यांनीं कित्येकांस पुरळ उठतें. त्यांनीं निर्गंध वस्तु निवडावी. कोंकणच्या दमट हवेंत जें पचतें, तें विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यांत पचेलच असें नाहीं. आणि मुरुमें, डाग किंवा सतत दाह असेल तर बाटली बदलीत बसण्यापेक्षां त्वचारोगतज्ज्ञांस दाखविणें हेंच श्रेयस्कर.

थोडक्यांत, बाटल्यांची संख्या हें स्वच्छतेचें माप नव्हे. चेहऱ्यास काय लावलें होतें, हा पहिला प्रश्न. तें कशानें निघेल, हा दुसरा. या दोहोंचें उत्तर मिळालें कीं किती वेळां धुवावें हें ओघानेंच ठरतें. दिवसाअखेर त्वचा स्वच्छ, मऊ व शांत वाटत असेल, तर आणखी कांहीं करण्याची गरज नाहीं.