शब्दांचा शोध

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास निवर्तले आणि १९२७ सालीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथेंच स्थापन झालें. घरोघरींचीं दप्तरें मिळवून, त्यांतील मोडी वाचून राजवाड्यांनीं "मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें" खंडशः प्रसिद्ध केलीं; पहिला खंड १८९८ सालचा. अशा कागदांत एखादें नांव हुडकावयाचें म्हणजे रुमालामागून रुमाल सोडावा आणि ओळीमागून ओळ डोळ्यांखालून घालावी, एवढाच मार्ग त्या काळीं होता.

डोळ्यांचें हें काम आज संगणक करतो. मात्र मजकूर त्यांत अक्षरशः उतरविलेला हवा, कागदाचें नुसतें छायाचित्र चालत नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन यांनीं १९७३ सालीं "ग्रेप" नांवाची आज्ञा सिद्ध केली. आधीं "ग्रेप", मग हवा असलेला शब्द, मग फाइलीचें नांव, इतकें टंकित केलें कीं तो शब्द असलेली प्रत्येक ओळ पडद्यावर येते. "-एन" हें अक्षर जोडल्यास ओळीचा क्रमांकही मिळतो. "-आर" जोडल्यास एका कप्प्यांतील झाडून साऱ्या फाइली तपासल्या जातात.

परंतु हा सेवक अक्षर जाणतो, अर्थ जाणत नाहीं. समजा, एखाद्या अभ्यासकानें १९३० च्या सुमाराचे कागद संगणकांत उतरविले आणि "जळगाव" हा शब्द विचारला. कागदांत सर्वत्र "जळगांव" असें सानुस्वार लिहिलेलें; उत्तर शून्य! अनुस्वारापुढें तारका घालून "जळगां*व" असें विचारावें, म्हणजे अनुस्वार असो वा नसो, दोन्ही रूपें सांपडतात. धुळ्याची तऱ्हा निराळी. "धुळे" विचारल्यास "धुळें" मिळतें, कारण तेथें अनुस्वार शेवटीं आहे. पण "धुळ्यास", "धुळ्याहून" हीं रूपें निसटतात. बरें, नुसतें "धुळ" विचारावें, तर गांवाबरोबर "धुळींत" पडलेल्या ओळीही हातीं येतात.

याहून मोठी फसगत नांव बदलल्यामुळें होते. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचें मुख्य ठाणें जळगांव, पश्चिमेचें धुळें. त्या काळच्या सरकारी कागदांत "जळगांव जिल्हा" शोधणारा रित्या हातानें परततो, कारण तो जिल्हा तेथें "पूर्व खानदेश" या नांवानें नांदतो. शिवाय कोणी "खानदेश" लिहितो, कोणी "खान्देश".

शेताच्या हद्दीचा किंवा पूर्वजांचा माग काढणाऱ्यास या गोष्टी क्षुल्लक नव्हेत. शून्य या उत्तराचा अर्थ एवढाच कीं, विचारलेलीं अक्षरें त्या क्रमानें आढळलीं नाहींत. त्यावर विसंबून जो फाइल मिटतो, तो असलेला पुरावा नाहीं म्हणून टाकून देतो. जुने लोक एखादें नांव किती परींनीं लिहीत, हें ज्यास ठाऊक, त्यासच यंत्रास काय विचारावें तें उमगतें. आणि तें ज्ञान अजूनही कागद वाचूनच मिळवावें लागतें.