स्वखुशीचा राजीनामा

गेलीं सव्वीस वर्षें मीं सॉफ्टवेअरच्या धंद्यांत काढलीं. पुण्याजवळ हिंजवडीस कांचेच्या एका मोठ्या इमारतींत सकाळीं जावें, रात्रीं परतावें आणि महिनाअखेर पगार घ्यावा, असा माझा क्रम होता. २०२५ सालच्या पावसाळ्यांत तो तुटला. तेव्हांपासून भेटणारा जवळजवळ प्रत्येक गृहस्थ मला एकच प्रश्न विचारतो : “काय हो, त्या कृत्रिम बुद्धिमत्तेनें तुमची नोकरी खाल्ली ना ?” ह्या प्रश्नांत सहानुभूति असते, थोडें कुतूहल असतें, आणि विचारणाराचा मुलगा किंवा मुलगी ह्याच धंद्यांत असल्यास काळजीहि असते. त्याचें उत्तर रस्त्यांत उभ्याउभ्या देतां येत नाहीं. म्हणून तें आज नभोवाणीवरून थोडें सविस्तर देण्याचें मीं योजिलें आहे.

प्रथम माझ्या धंद्याविषयीं एक कबुली दिली पाहिजे. माणूस जें काम करतो त्याचे नियम शोधून काढावयाचे, ते यंत्रास समजतील अशा भाषेंत ओळीओळीनें लिहावयाचे, आणि मग तें काम यंत्राकडून करून घ्यावयाचें, ह्याचें नांव प्रोग्रॅम लिहिणें. म्हणजे दुसऱ्याचें काम यंत्रावर चढविणें हाच मुळीं आमचा धंदा. ज्याचें काम चढवावयाचें त्याच्यापाशींच जाऊन बसावें लागतें, त्यालाच विचारावें लागतें. आणि तोहि बिचारा मोकळ्या मनानें सर्व सांगतो.

१९९९ सालीं मी नुकताच पदवीधर झालों होतों. त्या वर्षीं संगणकांच्या दुनियेंत मोठी धांदल उडाली होती. जुन्या प्रोग्रॅमांतून वर्षाचे शेवटचे दोनच आंकडे लिहिण्याची चाल होती. २००० साल उजाडलें कीं यंत्र त्याला १९०० समजेल आणि सारे हिशेब चुकतील, ह्या भीतीनें प्रोग्रॅमरांची भरती जोरांत चालली होती. त्या लाटेवर आमची पिढी नोकरीस लागली. माझ्या कंपनीनें मला सातारा जिल्ह्यांतील एका सरकारी बँकेच्या शाखेंत पाठविलें. तेथें पन्नाशी उलटलेले एक कारकून होते. सगळी शाखा त्यांना अण्णा म्हणे. मी त्यांच्या टेबलाशेजारीं पंधरा दिवस बसलों, आणि व्याज कसें काढावें, हप्ता कसा वळता करावा, थकबाकी कोठें मांडावी, हें सर्व त्यांच्याकडून लिहून घेतलें.

एके दिवशीं त्यांनीं माझा कागद पाहावयास मागितला आणि एका ओळीखालीं पेन्सिलीनें रेघ ओढली. “अहो इंजिनिअरसाहेब,” ते म्हणाले, “तुमचें हें यंत्र व्याज चढवीत चढवीत कोठें थांबणार ? लहान शेतकऱ्याचें पीककर्ज आहे हें. ह्यांत व्याजाची एकूण बेरीज मुदलाच्या वर जातां कामा नये. आमच्या आजोबांच्या वेळीं सावकारालासुद्धां दामदुपटीच्या पलीकडे जातां येत नसे.” दामदुपट हा आपल्याकडील फार जुना न्याय आहे. व्याज वाढत वाढत मुदलाइतकें झालें, कीं तेथें त्यानें थांबलें पाहिजे. लहान शेतकऱ्यांच्या अल्पमुदतीच्या कर्जांना बँकांनीं तोच नियम लावावा, असा रिझर्व्ह बँकेचाहि दंडक आहे. माझ्या कागदावर तो नव्हता. मीं ती एक ओळ प्रोग्रॅममध्यें घातली. निघावयाच्या दिवशीं अण्णांनीं मला चहा पाजला आणि हंसत हंसत विचारलें, “आमच्या डोक्यांतलें सगळें तुम्ही वहींत उतरून घेतलेंत. आतां हें डोकें कोणाच्या कामाचें ?” मीं मोठ्या आत्मविश्वासानें उत्तर दिलें, “नवें शिका, अण्णा. संगणक शिका.” मी तेव्हां तेवीस वर्षांचा होतों.

अण्णांचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत यंत्रें आलीं तीं एका रात्रींत आलीं नाहींत. आयुर्विमा महामंडळांत संगणक आणण्याचें घाटतांच, १९६० नंतरच्या दशकांत, कर्मचाऱ्यांनीं कडाडून विरोध केला. १९६९ सालीं केंद्र सरकारनें पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालीं स्वयंचलनाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं एक समिती नेमली. पुढें १९८३ सालीं बँका आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यामध्यें करार झाला आणि यंत्रें कोणत्या मर्यादेंत बसवावयाचीं हें ठरलें. ह्या सावकाशीची त्या काळीं पुष्कळ थट्टा झाली; ती मीहि केली आहे. आपलेच पैसे काढावयास लोकांना रांगेंत तिष्ठत उभें राहावें लागे, ही तक्रार खोटी नव्हती. परंतु यंत्र येण्यापूर्वीं, तें आल्यावर माणसांचें काय, हा प्रश्न समोरासमोर बसून विचारला गेला होता, एवढें मात्र मान्य केलें पाहिजे.

२०००–०१ सालीं सरकारी बँकांनीं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. तींतून सुमारें १ लाख नोकर बाहेर पडले, आणि अण्णा त्यांपैकींच एक. त्या योजनेच्या अटी छापील होत्या. पंधरा वर्षें नोकरी अथवा चाळीस वर्षें वय झालेलें असावें. नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाबद्दल साठ दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, ह्यांपैकीं जी रक्कम कमी असेल ती मिळावी. अण्णांनीं त्या पैशांतून घरावर स्लॅब घातला आणि धाकट्या मुलीचें लग्न केलें. योजना सर्वांनाच रुचली असें नाहीं. मागें राहिलेल्यांवर कामाचा बोजा वाढला, ही तक्रारहि मीं ऐकली आहे. तरी ज्याला जावयाचें तो अर्ज करी आणि ज्याला राहावयाचें तो राही. स्वेच्छा ह्या शब्दाला तेथें कांहीं अर्थ होता.

आतां त्या नव्या यंत्राकडे वळूं. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅट जी. पी. टी. लोकांपुढें आलें, आणि त्यानंतर अशा यंत्रांची रीघच लागली. माणसांनीं लिहून ठेवलेला अफाट मजकूर आणि असंख्य प्रोग्रॅम यांवरून तीं तयार केलेलीं असतात. अमुक शब्दानंतर कोणता शब्द, अमुक ओळीनंतर कोणती ओळ येणें संभवनीय आहे, ह्याचा अंदाज बांधीत तीं लिहीत जातात. मी त्यांची निंदा करणार नाहीं. ज्या कामास मला पूर्वीं सबंध दिवस लागे, त्यांपैकीं कित्येक कामें तासाभरांत होऊं लागलीं. चांगलें हत्यार हातीं आलें म्हणजे कारागिराला जो आनंद होतो, तो मलाहि झाला.

परंतु २०२४ सालीं घडलेली एक गोष्ट सांगतों. अण्णांच्या शाखेसाठीं लिहिलेला तो प्रोग्रॅम अनेक रूपांतरें होऊन अजून आमच्याच कंपनीकडे होता. माझ्या हाताखालची एक तरुण मुलगी त्या नव्या यंत्राच्या मदतीनें तो आटोपशीर करीत होती. यंत्रानें एका ओळीवर बोट ठेवून सुचविलें, कीं ही अनावश्यक दिसते. चाचणीच्या कोणत्याहि उदाहरणांत ती लागूच पडत नाहीं. तिनें मला विचारलें, “सर, काढूं का ही ?” ती अण्णांची ओळ होती. यंत्राची चूक होती असें मी म्हणत नाहीं. त्याला जेवढें दाखविलें होतें तेवढ्यावरून त्याचा अंदाज बरोबरच होता. त्या ओळीचें कारण प्रोग्रॅममध्यें कोठेंच लिहिलेलें नव्हतें. तें एका निवृत्त कारकुनाच्या डोक्यांत होतें आणि माझ्या. मीं तिला दामदुपट समजावून सांगितली, आणि ओळ राहिली. विचारावयाला शेजारीं कोणी होतें म्हणून ती राहिली.

असे शेजारीं बसणारे लोक आतां कमी होत आहेत. जुलै २०२५ मध्यें टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ह्या देशांतील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीनें आपल्या ६ लाखांवर नोकरांपैकीं सुमारें २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसें, मुख्यतः मधल्या आणि वरच्या हुद्द्यांवरचीं, कमी करण्याचें जाहीर केलें. हें कृत्रिम बुद्धिमत्तेमुळें नव्हे, बदललेल्या कामाशीं कांहींच्या कौशल्याचा मेळ बसत नाहीं म्हणून, असें तिच्या प्रमुखांनीं सांगितलें. निदान आंकडा तरी उघड सांगितला गेला. माझी कंपनी दुसरी, आणि पुष्कळ लहान. तिनें कांहींच जाहीर केलें नाहीं.

मला एका दुपारीं एका खोलींत बोलावण्यांत आलें. एच. आर. खात्यांतील बाई वयानें माझ्या भाचीएवढ्या असतील. त्यांच्यापुढें राजीनाम्याचा मसुदा तयार होता : ‘मी वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीनें नोकरी सोडीत आहें.’ सही केल्यास तीन महिन्यांचा पगार आणि अनुभवाचा चांगला दाखला. न केल्यास ‘काम समाधानकारक नाहीं’ असा शेरा. विचार करावयाला संध्याकाळपर्यंत मुदत. माझ्या घराचे हप्ते अजून सहा वर्षें चालावयाचे आहेत. मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. मीं सही केली. लॅपटॉप परत केला, गळ्यांतील ओळखपत्र काढून दिलें, आणि नेहमींच्या वेळेपूर्वीं घरीं आल्यामुळें दारांतच ‘बरें नाहीं का ?’ असा प्रश्न ऐकला.

येथें आणखी एक गोष्ट लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. त्याच्या दोन वर्षें आधीं माझ्या हाताखालच्या तीन माणसांचीं नांवें कंपनीनें माझ्याकडून मागून घेतलीं होतीं, आणि तीं मीं दिलीं होतीं. तेहि असेच ‘स्वखुशीनें’ गेले. त्या वेळीं हा शब्द मला खटकला नव्हता.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. त्या वेळीं चालू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक कलहाच्या कायद्याप्रमाणें, वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगारास कमी करावयाचें तर त्याला एक महिन्याची नोटीस अथवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाबद्दल पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. शिवाय, सामान्यतः जो शेवटीं आला त्यानें प्रथम जावें, असाहि नियम होता. आमच्याकडे नेमकें उलट. जुना तो महाग, म्हणून तो आधीं. सव्वीस वर्षांच्या नोकरीला ह्या हिशेबानें ३९० दिवसांचा, म्हणजे तेरा महिन्यांचा पगार होतो. ग्रॅच्युइटी निराळी. मला मिळाले ते तीन महिने.

कोणी म्हणेल, तुम्ही मॅनेजर, कामगार कसले? हा आक्षेप पोकळ नाहीं. परंतु न्यायालयें हुद्द्याचें नांव पाहात नाहींत, मुख्य काम कोणतें तें पाहतात. आणि आमच्या धंद्यांत मॅनेजर म्हणविणारे कित्येक लोक दिवसभर प्रोग्रॅमच तपासीत असतात. माझ्या बाबतींत निर्णय कसा लागला असता तें मी सांगूं शकत नाहीं. कारण राजीनामा लिहून दिलेल्या मनुष्याची वाट तेथपर्यंत सहसा पोंचतच नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेनें घेतली आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागें मालकानें पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम नवें कौशल्य शिकण्यासाठीं असलेल्या निधींत भरावी, अशी तींत तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. पण ती कपात झालेल्यांसाठीं आहे. राजीनामा देणाराची कपात झालेलीच नसते.

मालकांची अडचण मला कळत नाहीं असें नाहीं. आमच्या धंद्याचें बिल पुष्कळ अंशीं माणसांच्या तासांवर होत आलें आहे. परदेशांतील गिऱ्हाईक आज म्हणतें, यंत्रामुळें काम निम्म्या वेळांत होतें, तर पैसेहि निम्मे घ्या. बिल घटलें म्हणजे कंपनीला आकसावें लागतें. कोणालाहि कधींच कमी करूं नये, असा माझा आग्रह नाहीं. माझें म्हणणें एवढेंच, कीं कपात करावयाची तर तिला कपात म्हणावें. किती माणसें आणि कोणत्या कसोटीनें, तें सांगावें. मोबदल्याच्या अटी बँकांप्रमाणें छापून द्याव्या. आणि जाणाराला आपलें ज्ञान मागें ठेवण्यापुरता तरी अवधि द्यावा. एका दुपारींत अण्णांची ओळ कोणालाहि समजावून देतां येत नाहीं.

तेव्हां मूळ प्रश्नाचें माझें उत्तर असें. माझी नोकरी यंत्रानें खाल्ली नाहीं. कोणाची खुर्ची रिकामी करावी असें यंत्राच्या मनांत येत नाहीं. तें माणसें ठरवितात. ज्यानें ठरविलें त्याची सही मात्र त्या कागदावर नसते, जाणाराची असते. ज्यांचीं मुलें ह्या धंद्यांत आहेत त्यांनीं त्यांना एवढें अवश्य सांगून ठेवावें, कीं असा कागद पुढें आला तर त्याच दिवशीं सही करूं नये; तो घरीं आणावा आणि एकाद्या जाणत्या वकिलाला दाखवावा. आय. टी. कर्मचाऱ्यांच्या संघटना आतां पुण्यांतहि आहेत. तिकडे जाण्यांत कमीपणा मानूं नये. मीं तो मानला होता.

गेल्या दिवाळींत मी अण्णांना भेटावयास गेलों होतों. आतां त्यांना नीट ऐकूं येत नाहीं. माझी हकीकत ऐकून त्यांनीं प्रथम विचारलें, “किती दिलें ?” मीं सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. परत येतांना गाडींत मला माझें १९९९ सालचें उत्तर आठवत होतें. तें चुकीचें नव्हतें, अपुरें होतें. नवें शिकावें हें खरेंच. मीहि सध्यां शिकतों आहें. परंतु शिकावयाला वेळ लागतो, आणि तोंपर्यंत घर चालावें लागतें. तो वेळ कोणीं द्यावा आणि तें घर कोणीं चालवावें, हा अण्णांच्या प्रश्नाचा दुसरा भाग होता. आणि तेवीस वर्षांच्या मला तो ऐकूं आला नव्हता.