शेवटच्या अंकुराला तिलांजली

(परभणी येथे सर्वपित्री अमावास्येस दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांच्यामागे पाणी सोडणारे कोणी उरले नाही, त्यांचेही आजच्या दिवशी स्मरण करण्याची आपली रीत आहे. म्हणूनच परदेशातील काही तरुणांविषयी येथे बोलावेसे वाटते.

हिब्रू भाषेत ‘नेत्झेर अहरोन’ असा शब्द आहे. अर्थ, शेवटचा अंकुर. हिटलरच्या राजवटीने ६० लाख ज्यूंची हत्या केली. त्या संहारातून आई-वडील, भावंडे यांपैकी जो एकटाच वाचला, इस्राएलला पोहोचून सैनिक झाला आणि रणात पडला, तो हा शेवटचा अंकुर. त्याच्याबरोबर घराणेच संपले.

१४ मे १९४८ रोजी इस्राएल राष्ट्र घोषित झाले, त्यानंतर जेरुसलेमची वाट लात्रून येथे जॉर्डनच्या अरब लीजनने रोखली. २४ मेच्या रात्री नव्यानेच उभारलेली सातवी ब्रिगेड तेथे चालून गेली. तिच्यात नुकतेच जहाजातून उतरलेले तरुणही होते. छळछावण्यांतून वाचलेल्या हजारोंना ब्रिटिशांनी सायप्रसमध्ये पुन्हा काटेरी तारांआड डांबले होते. कोणी यिद्दिश बोले, कोणी पोलिश, कोणी हंगेरियन. हिब्रूतील आज्ञा अनेकांना कळतही नव्हत्या. शिक्षण जेमतेम काही दिवसांचे. उजाडल्यावर तोफा सुरू झाल्या. रणरणते ऊन, पाण्याचा तुटवडा. हल्ला फसला.

पुढे कित्येक वर्षे तेथे शेकडो अनामिक निर्वासित कापले गेले, असे बोलले जाई. अभ्यासकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा मृतांचा आकडा सत्तरच्या आसपास निघाला आणि त्यांत नवागत थोडेच होते. हा शोध मला मोलाचा वाटतो. शेकड्यांची दंतकथा सांगणे सोपे. पण ज्याची ओळख पटवायला नातलगच नाही, त्या एकाचे नाव, गाव, आईचे नाव कोण शोधणार?

याच सातव्या ब्रिगेडचे १९७३ साली गोलानच्या पठारावर नेतृत्व करणारे अविग्दोर बेन-गल हेही पोलंडमधून बालपणी निसटलेले. ज्या ‘तेहरानच्या मुलां’पैकी ते एक, त्यांतील बहुतेकांचे जहाज १९४३ मध्ये आपल्या तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानातील कराचीवरून गेले होते. बेन-गल २०१६ पर्यंत जगले.

लात्रूननंतर चारच महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, आपला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. आपल्या तालुक्यातील हुतात्मा स्मारकावर ज्यांची नावे आहेत, त्यांपैकी कोणाचा वंश उरला नाही? वही घ्या, गावातील ऐंशी-नव्वदीतल्या आजी-आजोबांकडे बसा आणि विचारून लिहून ठेवा.