गाडी सावलीत, पॅनेल उन्हात



द्वारका चौकातून मुंबई-आग्रा रस्त्याला लागलो, तेव्हा आमच्या कॅम्परव्हॅनच्या फ्रिजमध्ये बाबांचं इन्सुलिन होतं. मुक्कामी गाडी झाडाखाली लावली. टपावरचं पॅनेल सावलीत, बॅटरी उतरली. इन्सुलिन रात्रभर थर्मासमध्ये सांभाळलं.

पुढच्या वेळी १०० वॉटचं घडीचं पॅनेल नेलं आणि उन्हात मांडलं. तरी चार्जिंग होईना! त्या पॅनेलला स्वतःचा चार्ज कंट्रोलर होता आणि मी ते गाडीच्या कंट्रोलरला जोडलं होतं. एकामागे एक दोन कंट्रोलर चालत नाहीत. पॅनेलची वायर फ्यूज घालून थेट बॅटरीला दिली. फ्रिज सुरू झाला.

सर, 'आधी आकृती काढा, मग वायर जोडा,' असं तुम्ही प्रयोगशाळेत बजावायचात. इंजिनिअर झाले, पण त्या दिवशी आकृती काढली नव्हती.